शाळेची कहाणी कोणी लिहायची?

नाशिकचा शरणपूर रोड सर्वांच्या पायाखालचा आहे. बँका, दवाखाने, क्लासेस आणि दुकाने यांच्या गर्दीतून रोज हजारो माणसे तेथून जातात-येतात. पण ज्या वस्तीमुळे या रस्त्याला हे नाव मिळाले, त्या वस्तीत एकेकाळी आफ्रिकेतून आलेल्या मुलांचे एक बोर्डिंग होते, हे नाशिककरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

हकीगत अशी. १८५० नंतरच्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकजवळ शरणपूर हे ख्रिस्ती गाव वसवले. त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांचा व्यापार जोरात चालत असे. त्या व्यापारात अरब आणि इतर मुसलमान व्यापारीही होते, ही गोष्ट आपण डोळ्याआड करू नये. इंग्रजांच्या आरमाराने समुद्रात गुलामांनी भरलेली गलबते पकडली की त्यांतील अनाथ मुले मुंबईत उतरवली जात. त्यांपैकी पुष्कळ मुले शरणपूरला आली. तेथे त्यांना लिहिणे-वाचणे आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हुन्नर शिकवले गेले. आईबापांनी ठेवलेली नावे मागे पडली, नवी इंग्रजी नावे मिळाली.

१८६६ मध्ये डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या शेवटच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा शरणपूरची काही मुले त्यांच्याबरोबर गेली. १८७२ मध्ये आणखी काही जण त्यांना जाऊन मिळाले. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबिया देशातील एका खेड्यात लिव्हिंग्स्टन वारले. त्या वेळी शरणपूरचा विद्यार्थी जेकब वेनराइट तेथे हजर होता. त्याने झाडाच्या बुंध्यावर त्यांचे नाव आणि तारीख कोरली, आणि त्या दिवसांची रोजनिशीही लिहिली. साथीदारांनी ते प्रेत रानावनांतून, नद्यांतून समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीजवळ चालणाऱ्या मानकऱ्यांमध्ये जेकबही होता. पुढच्याच वर्षी मोंबासाजवळ फ्रीअर टाउन ही वसाहत सुरू झाली. शरणपूरची बरीच आफ्रिकन मंडळी तिकडे गेली आणि नाशिकचे हे बोर्डिंग संपले. केनियाच्या इतिहासात हे लोक ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणून ओळखले जातात.

या मुलांपैकी काहींची नावे जगाला माहीत आहेत, ती एका मोठ्या साहेबाचे प्रेत त्यांनी वाहिले म्हणून. जी मुले कोणाबरोबर गेली नाहीत, त्यांचे काय? पहिल्या रात्री कोण रडले? एकमेकांची भाषा न येणारी मुले आपसात कोणत्या बोलीत बोलत? मराठी त्यांच्या तोंडी किती दिवसांत आली? कोणता मास्तर मायेचा होता आणि कोणता छडीचा? मिशनचे अहवाल देणगीदारांसाठी लिहिलेले असतात. त्यांत संख्या असते, खर्च असतो, धर्मप्रसाराची प्रगती असते. वर्गात उभे राहून ज्याने या मुलांना शिकवले, त्याच्या हातची शरणपूरच्या शाळेची कहाणी मात्र आपल्या वाचनात येत नाही.

म्हणूनच प्रश्न पडतो की, शाळेचा इतिहास कोणी लिहायचा? संस्थापकाने, विश्वस्तांनी, सरकारने, की शिक्षकाने?

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्राला जवळचा आहे, कारण येथील बहुजनांच्या शिक्षणाचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात बोर्डिंगांचाच इतिहास आहे. शाळा शहरात आणि मूल खेड्यात, अशी स्थिती होती. फी माफ झाली तरी शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे काय, हा प्रश्न उरतच होता. राजर्षी शाहू महाराजांनी ही अडचण ओळखली. १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले आणि पाठोपाठ अनेक जातिधर्मांची वसतिगृहे उभी राहिली. १९०६ मध्ये मुसलमान समाजाच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात संस्था स्थापन झाली, तेव्हा महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. तिचे मुस्लिम बोर्डिंग आपल्या समाजाला अभिमानाने सांगता येईल असे आहे. नाशिकमध्ये १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाजाचे काम सुरू झाले. एप्रिल १९२० मध्ये येथील उदोजी मराठा वसतिगृहाची कोनशिला बसवायला शाहू महाराज आले होते. १९२४ मध्ये साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे बोर्डिंग काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले.

या संस्थांवर ग्रंथ झाले, गौरवग्रंथ झाले, चरित्रे झाली. ती असायलाच हवीत. पण त्यांचा नायक बहुधा संस्थापक असतो. मुले पार्श्वभूमीला असतात आणि शिक्षक तर फोटोच्या मागच्या रांगेत. अलीगढचेच पाहा. सर सय्यद अहमद खान यांच्या मनातले कॉलेज मुळात बोर्डिंग हाउसवर उभे होते. मुलांनी एकत्र राहावे, एकत्र जेवावे, एकत्र नमाज पढावी आणि त्यातून नवी पिढी घडावी, ही त्यांची तळमळ होती. त्या कॉलेजचा १९०३ पर्यंतचा इतिहास कोणी लिहिला? थिओडोर मॉरिसन यांनी. ते कॉलेजचे प्रिन्सिपल होते. म्हणजे संस्थेच्या आतलेच, पण वरच्या खुर्चीवर बसलेले.

या पार्श्वभूमीवर मला एका उस्तादाची ओळख मराठी वाचकांना करून द्यायची आहे. त्यांचे नाव अब्दुल गफ्फार मुधोली. नावातली निस्बत दख्खनच्या मुधोळची, पण हयात गेली दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाच्या प्राथमिक शाळेत. त्यांनी उर्दूत दोन महत्त्वाची पुस्तके लिहिली. एक ‘एक मुअल्लिम की जिंदगी’ आणि दुसरे १९६५ साली मकतबा जामियाने काढलेले ‘जामिया की कहानी’. पहिले आत्मचरित्र आहे आणि दुसरा संस्थेचा इतिहास, तरी दोन्ही एकमेकांपासून वेगळी काढणे कठीण आहे. ज्याचे सारे आयुष्य शाळेत गेले, त्याच्या आयुष्याचा इतिहास आणि शाळेचा इतिहास वेगळा कसा असेल?

दुसऱ्या पुस्तकाचे नाव लक्षात घ्यावे. त्यांनी ‘तारीख’ म्हटले नाही, ‘कहानी’ म्हटले. उर्दूत तारीख हा भारदस्त शब्द आहे. तारीख बादशहांची असते, सल्तनतींची असते. कहाणी मुलांना सांगायची असते. प्राथमिक शाळेच्या मास्तरने आपल्या संस्थेसाठी कहाणी हा शब्द निवडावा, यात मला त्यांचा पेशा दिसतो.

ज्या संस्थेची ही कहाणी आहे, ती जन्मापासूनच बेघर होती. असहकाराच्या आणि खिलाफतीच्या दिवसांत, २९ ऑक्टोबर १९२० रोजी, अलीगढ कॉलेजच्या मशिदीत मौलाना महमूद हसन यांच्या अध्यक्षतेखाली जामियाचा पाया घातला गेला. सरकारी मदत नाकारून बाहेर पडलेले विद्यार्थी आणि शिक्षक प्रथम तंबूंत राहिले. मौलाना मुहम्मद अली जौहर पहिले कुलगुरू झाले आणि हकीम अजमल खान पहिले कुलपती. खिलाफतीची चळवळ ओसरली तसा पैसा आटला. संस्था बंद करावी असे म्हणणारेही निघाले. तेव्हा हकीमसाहेबांनी १९२५ मध्ये तिला दिल्लीच्या करोल बागेत भाड्याच्या घरांत आणले. गांधीजींनी तर जामियासाठी भीक मागायचीही तयारी दाखवली होती.

१९२६ मध्ये डॉ. झाकिर हुसेन, डॉ. आबिद हुसेन आणि प्रा. मुहम्मद मुजीब हे तिघे जर्मनीतून शिकून आले आणि या गरीब संस्थेत रुजू झाले. झाकिरसाहेब तेव्हा तिशीच्याही आत होते. १९२७ च्या डिसेंबरात हकीमसाहेब वारले आणि संस्थेचा आधारच गेला. पुढच्या वर्षी शिक्षकांनी एक अंजुमन बनवून शपथ घेतली की, २० वर्षे संस्था सोडणार नाही आणि महिना १५० रुपयांहून अधिक पगार घेणार नाही. प्रत्यक्षात हाती पडे ते त्याहून पुष्कळ कमी, आणि तेही कधी कधी महिन्यामहिन्यांनी. आज पगार दोन दिवस लांबला तर स्टाफरूममध्ये काय वातावरण असते, ते शिक्षक वाचकांना सांगायला नको.

या जामियाचा जीव तिच्या प्राथमिक शाळेत आणि तिच्या बोर्डिंगमध्ये होता. दूरदूरच्या प्रांतांतून सात-आठ वर्षांची मुले येथे राहायला येत. विद्यापीठ म्हणवणाऱ्या संस्थेचे प्रमुख लहान मुलांच्या जमातीत येऊन बसत, त्यांच्यासाठी गोष्टी लिहीत. झाकिरसाहेबांच्या चरित्रात एक प्रसंग येतो. प्राथमिक शाळेच्या मुलांना ते मिठाई वाटत होते. कोणीतरी येऊन कानात सांगितले की, तुमची लहान मुलगी गेली. चेहरा उतरला, पण हात थांबला नाही. मुलांचा आनंदाचा क्षण मोडू नये म्हणून त्यांनी वाटप पूर्ण केले आणि मग घराकडे गेले.

याच बोर्डिंगच्या लहान मुलांना गेर्डा फिलिप्सबॉर्न नावाची जर्मन यहुदी बाई ‘आपाजान’ म्हणून लाभली. बर्लिनमध्ये तिची या तिघांशी ओळख झाली होती. हिटलर सत्तेवर आला त्या सुमारास ती दिल्लीला आली आणि येथील चिमुकल्यांची आई झाली. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन म्हणून तिला नजरकैदेत ठेवले. १९४३ मध्ये ती वारली आणि जामियाच्या कब्रस्तानात तिला दफन केले गेले. गांधीजींचा नातू रसिक हाही जामियात होता. १९२९ साली दिल्लीतच आजारी पडून तो ऐन तारुण्यात वारला.

मुधोली या शाळेची घडी बसवणाऱ्यांपैकी होते. बी.एड.च्या वर्गात आपण सर्वांनी प्रकल्प पद्धत पाठ केली आहे. किलपॅट्रिक, १९१८, उद्देशपूर्ण कृती वगैरे. परीक्षेत लिहिले आणि विसरलो. मी शिकलो त्या पुस्तकांत मुधोलींचे नाव कुठेच नव्हते. पंजाबातील मोगा येथील मिशन शाळेत ही पद्धत भारतीय खेड्यातल्या मुलांसाठी वापरून पाहिली जात होती. जामियाच्या प्राथमिक शाळेत ती उर्दू माध्यमातून रुजवणाऱ्यांत मुधोली पुढे होते. मुलांचे दुकान, मुलांची बँक, असे उपक्रम तेथे चालत. दुकान चालवायचे म्हणजे हिशोब आला, वजनमाप आले, पत्रव्यवहार आला, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इमानदारी आली. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि मूलोद्योगी शिक्षणाच्या आराखड्यासाठी झाकिर हुसेन समिती नेमली गेली. तेव्हा झाकिरसाहेबांच्या पाठीशी या छोट्या शाळेतला अनुभव होताच. वर्धा योजनेचा इतिहास लिहिताना महाराष्ट्राने ही उर्दू शाळा विसरू नये.

१ मार्च १९३५ रोजी ओखल्याच्या माळावर जामियाच्या स्वतःच्या इमारतीची पायाभरणी झाली. दगड बसवायला कोणी नवाब, गव्हर्नर किंवा पुढारी बोलावला नाही. शाळेतला सर्वांत लहान विद्यार्थी अब्दुल अझीझ याच्या हातून तो बसवला गेला. आपल्याकडे कोनशिलेवर कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली, यावरून संस्थांत भांडणे होतात. तेथे कोनशिलेचा मान मुलाचा होता. अशी शाळा असेल तर तिचा इतिहासही प्राथमिक शिक्षकाच्या हातून लिहिला जावा, हे किती साजेसे आहे!

नोव्हेंबर १९४६ मध्ये जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. एकाच व्यासपीठावर नेहरू, मौलाना आझाद, जिना आणि लियाकत अली बसले होते. देश पेटला होता. झाकिरसाहेबांनी त्या सर्वांसमोर कळकळीने विनवले की, ही आग आधी विझवा. आग विझली नाही. पुढच्या वर्षी दंगलीत करोल बागेतले मकतबा जामियाचे दुकान आणि पुस्तकांचा साठा जळून खाक झाला. २५ वर्षांत तयार केलेली मुलांची पुस्तके राख झाली. ओखल्याची शाळा वाचली.

मुधोलींच्या पुस्तकाची खरी किंमत मला येथे कळते. कागद जळतात, वाळवी खाते, संस्था स्थलांतर करतात, माणसे सरहद्द ओलांडून जातात. १९४७ नंतर जामियाचे किती विद्यार्थी सीमेच्या या बाजूला राहिले आणि किती त्या बाजूला गेले! त्यांना एकत्र ठेवणारी जागा एकच उरली होती, ती म्हणजे त्यांच्या उस्तादाची आठवण. ती आठवण त्यांच्याबरोबर कबरीत गेली असती तर जामियाचा इतिहास राहिला असता, पण तो कुलगुरूंचा, ठरावांचा आणि अनुदानांचा राहिला असता. १९६२ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा आणि १९८८ मध्ये केंद्रीय विद्यापीठ, हे टप्पे कोणत्याही सरकारी फाइलीत सापडतात. बिनपगारी महिन्यांत वर्ग कसा चालू राहिला, हे फाइलीत सापडत नाही.

शिक्षकाने लिहिलेल्या इतिहासाला मर्यादा असतात, हेही मान्य करावे. घरचा माणूस घरातली भांडणे चारचौघांत सांगत नाही. तो ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांचे दोष त्याला दिसत नाहीत, किंवा दिसले तरी लेखणी अडते. ज्या मुलाला शाळा सोसली नाही, जो पळून गेला, ज्याला मार बसला, त्याची बाजू मास्तरच्या पुस्तकात येईलच असे नाही. म्हणून मास्तरच्या कहाणीशेजारी विद्यार्थ्याची रोजनिशी हवी, संस्थेचे इतिवृत्तही हवे. जेकब वेनराइटची रोजनिशी मोलाची आहे ती यासाठीच. पण शिक्षकाचे पान कोरे राहिले तर ते भरायला दुसरे कोणी येत नाही.

आता आपल्याकडे वळू. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांनी मालेगावात वस्ती केली, माग बसवले आणि मागांच्या खडखडाटात मुलांसाठी मदरसे आणि उर्दू शाळा काढल्या. नाशिक शहरात, भिवंडीत, धुळ्यात, जळगावात, कोकणातल्या गावांत अशा किती तरी शाळा आहेत. त्यांचा लिखित इतिहास मागितला तर हाती येते ती स्मरणिका. पहिली पंधरा पाने संदेश आणि शुभेच्छा, पुढे पदाधिकाऱ्यांचे फोटो, मग जाहिराती. शेवटी शिक्षकांची यादी, तीही सेवाज्येष्ठतेनुसार. कोणत्या साली पहिली मुलगी मॅट्रिक झाली, तिला वडिलांनी कसे पाठवले, कोणत्या उस्तानीने घरोघर फिरून मुली गोळा केल्या, हे स्मरणिकेत नसते.

आपल्याविषयी दुसरे लोक बोलतात तेव्हा आपण नाराज होतो. उर्दू शाळा म्हणजे मदरसा आणि मदरसा म्हणजे काहीतरी संशयास्पद, असे समजणारे आजही भेटतात. सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिले की, शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३ टक्के मदरशात जातात. बाकीची तुमच्या-आमच्यासारख्या शाळांत शिकतात, किंवा शाळेबाहेर असतात. आकड्याने गैरसमज खोडता येतो, पण आकडा ओळख करून देत नाही. ओळख कहाणीने होते. ती उर्दूत लिहिली पाहिजे आणि मराठीतही, कारण शेजाऱ्याला आपली शाळा कळावी असे वाटत असेल तर त्याच्या आणि आपल्या सामाईक भाषेत बोलावे लागेल.

यासाठी मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. साधने आपल्या ऑफिसच्या कपाटात आहेत. जनरल रजिस्टर हे तर समाजाचे आत्मचरित्रच आहे. मुलाचे नाव, जन्मस्थळ, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण. हे शेवटचे रकाने एका बैठकीत सलग वाचून पाहावेत. मंदीत किती मुलांचे दाखले गेले, दंगलीनंतर कोणत्या मोहल्ल्यातली नावे नाहीशी झाली, मुलींची गळती कोणत्या इयत्तेत होत होती आणि ती कधी कमी झाली, हे सारे तेथे शाईत लिहिलेले आहे. जोडीला तपासणीसाहेबांचे शेरेबुक आहे, मस्टर आहे, जुने वर्गफोटो आहेत. निवृत्त उस्ताद आणि उस्तान्या हयात आहेत, तोवर त्यांच्याजवळ बसून ऐकून घेतले पाहिजे. शाळेतल्या शिपाईमामांना आणि डबा घेऊन येणाऱ्या आयांनाही विचारले पाहिजे, कारण बोर्डिंगचा इतिहास जितका वर्गात घडतो तितकाच बावर्चीखान्यात घडतो.

अडचण वेळेची आहे, हे मी जाणतो. जनगणना, निवडणूक, पोषण आहार, ऑनलाइन माहिती, यांतून शिक्षकाला श्वास घ्यायला फुरसत नाही. पण मुधोलींना तरी कुठे फुरसत होती? त्यांच्याजवळ पगार नव्हता, इमारत नव्हती, सरकारी मान्यता नव्हती. एक जमात होती आणि तिच्यावरचे प्रेम होते.

शरणपूरच्या मुलांची कहाणी त्यांच्या मास्तरने लिहिली नाही, म्हणून ती आपल्याला दुसऱ्याच्या अंत्ययात्रेत शोधावी लागते. जामियाच्या मुलांची कहाणी त्यांच्या मास्तरने लिहिली, म्हणून पायाभरणीचा दगड ठेवणारा चिमुकला अजून आपल्या ओळखीचा आहे. आपल्या शाळांतली मुले यांपैकी कोणत्या वाटेने जाणार, हे ठरवणारी लेखणी आज आपल्या हातात आहे. हजेरी मांडून झाल्यावर ती लगेच खिशात ठेवू नये.